ठोकळा टिकतो, सॉफ्टवेअर का टिकत नाही?

(हिंजवडी इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



सुटीच्या दिवशी वाकडचा पूल आणि भूमकर चौक ओलांडून तुम्ही खेळण्यांवरचं व्याख्यान ऐकायला आलात, त्याबद्दल आधी आभार. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत, काही चाकण-भोसरीच्या कारखान्यांतले आहेत, आणि मागच्या रांगांमध्ये आईवडिलांनी ओढून आणलेली मुलंही दिसतायत. तिघांनाही पुरेल असा एक प्रश्न घेऊन मी आलोय.

लेगोचा जो ठोकळा आज दुकानात मिळतो, तो १९५८ सालच्या ठोकळ्यावर बसतो. नुसता बसत नाही, घट्ट बसतो. मध्ये पासष्टहून जास्त वर्षं गेली. आता तुमच्या लॅपटॉपवर पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा प्रोग्रॅम चालवून बघा. चालला तर नशीब म्हणायचं. दोन्ही गोष्टी इंजिनिअरांनीच बनवल्या. दोन्हींचा दावा एकच होता, की छोटे भाग जोडून मोठी वस्तू करता येते. मग एक टिकली आणि दुसरी का टिकत नाही? आज एवढंच समजून घ्यायचंय.

आठ मिलिमीटरचा करार

सुरुवात ठोकळ्यापासून करू. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार ओले कर्क क्रिस्टियानसेन याने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली. प्लास्टिकचे जोडठोकळे त्या कंपनीने १९४९ मध्ये आणले, आणि ती कल्पना काही पूर्णपणे त्यांची नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी पेज यांच्या किडीक्राफ्ट कंपनीचे तसे ठोकळे आधीपासून होते. अडचण अशी होती की हे सुरुवातीचे ठोकळे आतून पोकळ होते. वर रचले की राहायचे, पण धक्का लागला की सुटायचे. २८ जानेवारी १९५८ रोजी ओलेंचा मुलगा गॉटफ्रेड याने पेटंटसाठी अर्ज केला, तो आतल्या गोल नळ्यांबद्दल होता. खालच्या ठोकळ्याच्या डोक्यावरची गोल बटणं वरच्या ठोकळ्याची भिंत आणि ही नळी यांच्यामध्ये दाबून धरली जातात. लक्षात घ्या, शोध ठोकळ्याचा नाही. शोध जोडाचा आहे.

आता आकडे बघू. दोन बटणांच्या केंद्रांतलं अंतर ८ मिलिमीटर. बटणाचा व्यास ४.८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची, बटण सोडून, ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टी म्हणजे प्लेट, तिची उंची ३.२, म्हणजे बरोबर एकतृतीयांश. यातली गंमत बघा. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात आणि दोन बटणांची रुंदीही १६ मिलिमीटरच. म्हणजे ठोकळा आडवा टाकला तरी माप जुळतं.

चार बटणं लांब आणि दोन रुंद असा जो नेहमीचा ठोकळा, तो हिशेबाने ३२ बाय १६ मिलिमीटर व्हायला हवा. प्रत्यक्षात तो ३१.८ बाय १५.८ असतो. प्रत्येक बाजूने ०.१ मिलिमीटर मुद्दाम कमी ठेवलंय. भोसरीतल्या मंडळींना हे सांगायला नको, हा क्लिअरन्स. शेजारी शेजारी वीस ठोकळे लावले तर प्रत्येकाची बारीक चूक साठत जाते आणि एकविसावा बसत नाही. ती चूक जिरवायला ही जागा. पण बटण आणि नळी यांच्या जोडात अशी ढिलाई चालत नाही. तिथे साच्याची अचूकता साधारण १० मायक्रॉनच्या घरात ठेवतात. कुठे सैल सोडायचं आणि कुठे घट्ट धरायचं, हे आधी ठरवून घेतलंय.

दोन ठोकळे, चोवीस रचना

एवढ्याशा करारातून मिळतं काय? हे मोजता येतं, आणि मागच्या रांगेतल्या मुलांनी घरी मोजून बघावं.

आठ बटणांचे दोन सारखे ठोकळे घ्या. एकावर एक किती प्रकारे बसतील? दोन्ही एकाच दिशेला असतील तर वरचा ठोकळा लांबीत ७ जागी आणि रुंदीत ३ जागी सरकू शकतो, म्हणजे २१. वरचा काटकोनात फिरवला तर ५ गुणिले ५, म्हणजे २५. एकूण ४६. पण यातली बहुतेक रचना जोडीजोडीने सारखीच आहेत, टेबलाच्या पलीकडून जाऊन पाहिलं की एकीची दुसरी होते. फक्त दोन रचना अशा आहेत ज्या फिरवल्या तरी जशाच्या तशा राहतात, बरोबर मध्यावर बसलेल्या. म्हणून उरलेल्या ४४ च्या २२ जोड्या, अधिक या २. उत्तर २४.

तीन ठोकळ्यांचं उत्तर १,०६० येतं. सहा ठोकळ्यांसाठी कंपनी कित्येक वर्षं १०,२९,८१,५०० हा आकडा सांगायची. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी दाखवलं की तो फक्त सहा मजली उंच रचनांचा आकडा आहे. त्यांनी कॉम्प्युटरकडून सगळ्या रचना मोजून घेतल्या, तेव्हा उत्तर आलं ९१,५१,०३,७६५. एक्क्याण्णव कोटींच्या वर, आणि तेही एकाच रंगाचे, एकाच आकाराचे सहा ठोकळे वापरून. याला सूत्र नाही. प्रोग्रॅम लिहूनच मोजावं लागतं. ठोकळे आणि सॉफ्टवेअर यांची गाठ पडली ती ही एक जागा.

सांगायचं ते असं, की ठोकळा स्वतः अगदी सामान्य आहे. विविधता येते ती जोड ठरलेला असल्यामुळे. आपल्याला वाटतं नियम म्हणजे बंधन. इथे नियम पक्का आहे म्हणून पुढचं सगळं मोकळं आहे.

पिंपरीचा इंजिनिअर आणि सायकलची नळी

तुम्ही म्हणाल, हे सगळं डेन्मार्कचं झालं. आपल्याकडचं सांगा. सांगतो, आणि ते अगदी इथलंच आहे.

आयआयटी कानपूरहून १९७५ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला एक तरुण आपल्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, लागला. त्यांचं नाव अरविंद गुप्ता. १९७८ मध्ये त्यांनी वर्षभराची अभ्यासरजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळा, प्रयोगशाळेला पैसे नाहीत. तिथे गावच्या बाजारात मिळणाऱ्या दोन वस्तू त्यांनी एकत्र आणल्या, काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी.

त्या नळीचा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसायची, झाला दोन काड्यांचा जोड. नळीला मध्ये सुईने भोक पाडून तिसरी काडी घातली की तिघांचा जोड. आणखी एक नळी आरपार ओवली की चौघांचा. एवढ्यावर त्रिकोण होतो, चौकोन होतो, घन होतो, घराचा सांगाडा होतो. आणि मुलाच्या हाताला एक गोष्ट न सांगता कळते. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. पुलाच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात, याचं उत्तर तिथेच मिळालं. पुढे १९८७ मध्ये त्यांचं काड्यांच्या मॉडेलांवरचं पुस्तक आलं आणि अनेक भारतीय भाषांत गेलं. २००३ पासून बरीच वर्षं ते पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इंजिनिअरच्या नजरेने बघा, त्यांनी काय केलं. लेगोचा जोड अचूक आहे म्हणून चालतो. त्यासाठी पोलादी साचा लागतो, तो महाग असतो. गुप्तांचा जोड लवचिक आहे म्हणून चालतो. काडी थोडी जाड असो, थोडी बारीक असो, रबर ताणून घेतं. चूक टाळायचा एक मार्ग अचूकतेचा, दुसरा सोसून घेण्याचा. दोन्ही मार्गांनी करार मात्र छोटाच आहे आणि पाहणाऱ्याला तो लगेच कळतो.

दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी आपली खेळणी आणि शेकडो पुस्तकं इंटरनेटवर फुकट ठेवली. पेटंट नाही, पासवर्ड नाही. टिकण्याच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

सॉफ्टवेअरवाल्यांचं जुनं स्वप्न

आता आपल्या धंद्याकडे वळू. ऑक्टोबर १९६८, जर्मनीतलं गार्मिश. नाटोने भरवलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द गाजला. तिथे बेल लॅबचे डग मॅकिलरॉय यांनी मांडणी केली, की बाकीच्या इंजिनिअरांना नट-बोल्ट, बेअरिंग, रेझिस्टर कॅटलॉगमधून मिळतात, मग प्रोग्रॅमरने दर वेळी सगळं हाताने का घडवायचं? सॉफ्टवेअरचे तयार भाग कारखान्यासारखे मिळायला हवेत. म्हणजे ठोकळ्यांचं स्वप्न तेव्हापासूनचं आहे.

याच मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये 'पाइप' घातला. एका प्रोग्रॅममधून बाहेर पडणारा मजकूर सरळ दुसऱ्यात ओतायचा, मधली एक उभी रेघ एवढीच खूण. करार काय? साधा मजकूर, ओळीमागून ओळ. बस्स. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी काल-परवाच ती उभी रेघ टाइप केली असेल. पन्नास वर्षं झाली, जोड चालू आहे. म्हणजे सॉफ्टवेअर टिकूच शकत नाही असं नाही. जोड छोटा आणि साधा असेल तर तेही टिकतं.

आता उलट उदाहरण. मार्च २०१६. जावास्क्रिप्टच्या जगात 'लेफ्ट-पॅड' नावाचा एक भाग होता. अकरा ओळींचा. काम एवढंच, की मजकुराच्या डाव्या बाजूला हव्या तितक्या मोकळ्या जागा भरायच्या. लेखकाने वादातून तो भांडारातून काढून टाकला आणि जगभरात हजारो प्रकल्प बांधता येईनात. त्यांपैकी बहुतेकांना हेही माहीत नव्हतं की आपण तो वापरतोय. त्यांनी एक भाग घेतला होता, त्या भागाने दुसरा, त्याने तिसरा, आणि तळाशी कुठेतरी हा अकरा ओळींचा ठोकळा.

लेगोत असं होत नाही. तुम्ही विकत घेतलेला ठोकळा तुमच्या खोक्यात असतो. कंपनीने उद्या तो बनवणं बंद केलं म्हणून तुमचा किल्ला कोसळत नाही. सॉफ्टवेअरचा ठोकळा पुष्कळदा आपल्या खोक्यात नसतोच. तो दुसऱ्याच्या कपाटात असतो आणि आपण रोज तिथून मागून आणतो.

चाकणची गाडी आणि मेट्रोचा खांब

जोड ठरवणं म्हणजे नेमकं काय ठरवणं, यासाठी दोन उदाहरणं इथल्याच रस्त्यावरची घेऊ.

चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात २०२१ पासून स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या गाड्या बनू लागल्या. दोन्हींच्या खाली एकच रचना आहे, एमक्यूबी, त्यातली भारतासाठी घडवलेली आवृत्ती. ही रचना जगात २०१२ मध्ये आली. तिच्यात पक्कं काय आहे? पुढच्या चाकांचा आस आणि ॲक्सिलरेटरचं पेडल यांच्यामधलं अंतर. इंजिन बसवण्याची पद्धत ठरलेली. बाकी व्हीलबेस, रुंदी, बॉडी, मागचा भाग, सगळं बदलतं. का बरं तेच अंतर पक्कं? कारण इंजिन, गिअर, स्टिअरिंग, एसी असे सर्वांत गुंतागुंतीचे आणि महागडे भाग त्याच पट्ट्यात असतात. जिथे बदल सर्वांत महाग पडतो तो भाग गोठवला आणि जिथे गिऱ्हाइकाला बदल हवा असतो तो मोकळा सोडला.

दुसरं उदाहरण मेट्रो. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर हा मार्ग सुमारे २३ किलोमीटरचा. उन्नत मार्गांवर खांबांमध्ये जो पूल असतो, तो पुष्कळदा काँक्रीटच्या तयार तुकड्यांचा असतो. लांबून ते अगदी लेगोसारखे दिसतात. पण पद्धत उलटी आहे. असे तुकडे ओतताना आधीच्या तुकड्याची बाजूच पुढच्या तुकड्याचा साचा म्हणून वापरतात. म्हणून जोड तंतोतंत जुळतो, पण फक्त त्याच शेजाऱ्याशी. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. सातव्याच्या जागी बारावा बसणार नाही.

आता स्वतःला विचारा, आपल्या ऑफिसातलं सॉफ्टवेअर यांपैकी कशासारखं आहे? चित्रात आपण चौकोन आणि बाण काढतो, 'मॉड्युलर' म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा प्रत्येक भाग शेजाऱ्याच्या अंगावर ओतलेला असतो. पुलासाठी ते योग्यच आहे, पूल दर तीन महिन्यांनी बदलायचा नसतो. सॉफ्टवेअर बदलायचं असतं, म्हणून तिथे तेच महागात पडतं.

ठोकळ्यात कॉम्प्युटर शिरला तेव्हा

आता मूळ प्रश्नाची खरी परीक्षा. एकाच कंपनीने ठोकळा आणि सॉफ्टवेअर दोन्ही बनवलं, तेव्हा काय झालं?

एमआयटीतले सेमूर पॅपर्ट हे मुलांसाठीच्या लोगो या प्रोग्रॅमिंग भाषेचे एक जनक. १९८० मधल्या त्यांच्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकावरूनच लेगोने १९९८ मध्ये आपल्या संचाला नाव दिलं. त्यात पिवळा जाडजूड ठोकळा होता, आरसीएक्स. तीन मोटरी जोडायला जागा, तीन सेन्सरना जागा, ३२ किलोबाइट मेमरी. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम जुळवायचा आणि इन्फ्रारेड किरणांनी ठोकळ्यात पाठवायचा.

बाजारात आल्यावर थोड्याच काळात स्टॅनफर्डचे विद्यार्थी केकोआ प्राउडफूट यांनी त्याची आतली भाषा उलगडली आणि जाहीर केली. मग इतरांनी सी भाषेसारखी एनक्यूसी, जावासाठी लेजॉस, अशा वाटा काढल्या. कंपनीने कोर्टात न जाता त्याला मुभा दिली. मोठ्या माणसांनी, पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करणाऱ्या इंजिनिअरांनी, हा संच डोक्यावर घेतला तो तेव्हापासून.

२००६ मध्ये एनएक्सटी आला, २०१३ मध्ये ईव्ही३, २०२० मध्ये रोबोट इन्व्हेंटर. आणि २०२२ च्या अखेरीस माइंडस्टॉर्म्स ही मालिकाच बंद झाली. ॲप किमान २०२४ अखेरपर्यंत ठेवू असं कंपनीने सांगितलं होतं. आता चित्र बघा. १९९८ च्या संचातले साधे ठोकळे आजही आजच्या ठोकळ्यांवर बसतात. पण पिवळ्या आरसीएक्सला प्रोग्रॅम पाठवायचा तर जुना कॉम्प्युटर, जुना सिरियल पोर्ट आणि जुनं विंडोज शोधत बसावं लागतं. एकाच खोक्यातल्या दोन वस्तू, वय सारखं, एक जिवंत आणि एक जवळपास निकामी.

कारणं चार आहेत.

पहिलं, ठोकळ्याचा करार फक्त मापांचा आहे. त्यात काही चालत नाही, फिरत नाही. सॉफ्टवेअर मात्र ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर, ब्लूटूथ, ॲप स्टोअर, सर्व्हर अशा इतरांच्या खांद्यांवर उभं असतं. एकाने खांदा काढला की संपलं.

दुसरं, ठोकळ्याचा करार तीन-चार आकड्यांत संपतो आणि सगळा उघड आहे. सॉफ्टवेअरचा करार लांबलचक असतो आणि बराचसा न लिहिलेला. वापरणारे वाढले की लोक तुमच्या चुकांवरही विसंबून राहतात. चूक दुरुस्त केली तरी कोणाचं तरी काम अडतं.

तिसरं कारण पैशाचं. पोलादी साचा बदलणं महाग, म्हणून लोक आधी दहा वेळा विचार करतात. सॉफ्टवेअर बदलणं स्वस्त वाटतं, म्हणून ते बदललं जातं. अर्थात लेगोचाही संयम एकदा सुटला होता. २००४ च्या सुमारास त्यांच्याकडच्या निरनिराळ्या भागांची संख्या १३,००० च्या आसपास गेली आणि कंपनी बुडण्याच्या बेतात होती. नवे प्रमुख योर्गन विग क्नुडस्टॉर्प यांनी जे उपाय केले, त्यांत भागांची संख्या जवळपास निम्म्यावर आणणं हा एक होता.

चौथं कारण सॉफ्टवेअरच्या बाजूचं आहे, तेही सांगितलं पाहिजे. ठोकळ्याला शत्रू नसतो. नेटवर्कला जोडलेल्या सॉफ्टवेअरला असतो. सुरक्षेसाठी त्याला बदलावंच लागतं. म्हणून 'बदलू नका' हा काही उपाय होऊ शकत नाही. बदल आतमध्ये करा, जोड जपा, एवढंच म्हणता येतं.

साध्या मजकुराची फाइल

याचा नमुना बघायचा तर ठोकळे आणि सॉफ्टवेअर यांचं सर्वांत सुंदर मिश्रण माझ्या मते एलड्रॉ आहे. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन या तरुणाने १९९५ मध्ये ते लिहिलं. लेगोची रचना कॉम्प्युटरवर मांडायची. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, ऐन तरुणपणी ते गेले. कंपनी नाही, वारस नाही. तरीही एलड्रॉ आज चालू आहे, जगभरचे हौशी लोक त्यातल्या भागांचं भांडार वाढवतायत.

कसं काय? फाइल साध्या मजकुराची आहे म्हणून. एका ठोकळ्याला एक ओळ. ओळीत पंधरा गोष्टी असतात. पहिला आकडा प्रकार सांगतो, दुसरा रंग, पुढचे तीन आकडे जागा, त्यापुढचे नऊ ठोकळा कसा फिरवलाय ते, आणि शेवटी भागाच्या फाइलचं नाव. आठ बटणांचा आपला ठोकळा म्हणजे ३००१. मोजमापाचं एकक ०.४ मिलिमीटर धरलंय, त्यामुळे बटणांमधलं अंतर २०, ठोकळ्याची उंची २४ आणि प्लेट ८, सगळे पूर्णांक. भागाच्या फाइलमध्ये बटण पुन्हा पुन्हा काढलेलं नसतं. बटणाची एक फाइल आहे आणि बाकीचे तिला बोलावतात. प्रोग्रॅमरला यात फंक्शन दिसेल, साच्यावाल्याला इन्सर्ट दिसेल.

जेसिमन यांचा मूळ प्रोग्रॅम डॉसवरचा होता. तो आज फारसा कोणी वापरत नाही. पण त्यांची फाइल वाचणारे डझनभर नवे प्रोग्रॅम निघाले. प्रोग्रॅम गेला, जोड राहिला.

आपण मराठी माणसांनी याची उलटी बाजू भोगलेली आहे. डीटीपीच्या काळात प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट वेगळा, त्याची आतली मांडणी वेगळी. एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं पुस्तक दुसऱ्यात उघडलं की नुसती चिन्हांची खिचडी. कितीतरी मजकूर त्या फायलींमध्ये अडकला. आयएसकी हे भारतीय लिप्यांचं मानक आणि त्याच्या आधाराने १९९१ मध्ये युनिकोडमध्ये आलेली देवनागरी, यांमुळे 'क' ला सगळीकडे एकच क्रमांक मिळाला. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठी लिहिता आणि ते दुसऱ्याच्या फोनवर तसंच दिसतं, ते या ८ मिलिमीटरच्या करारामुळेच म्हणा ना.

मग करायचं काय?

ऑफिसातल्या लोकांसाठी तीन साध्या कसोट्या सांगतो.

एक, दोन भागांमधला जोड एका पानावर लिहून दाखवता येतो का? येत नसेल तर तो जोड नाही, ओतलेलं काँक्रीट आहे.

दोन, एक भाग काढून त्याजागी दुसरा, अगदी खोटा का होईना, बसवून पाहिलाय का? कारखान्यात गो आणि नो-गो गेज असतं. माप वहीत लिहिलं म्हणजे झालं असं कोणी मानत नाही, गेज घालून बघतात.

तीन, उद्या आपला प्रोग्रॅम बंद पडला तर लोकांची माहिती साध्या, वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता येईल का? जेसिमन यांच्या माघारी जे वाचलं ते यामुळेच वाचलं.

धन्यवाद. आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*श्रोता: सर, मुलाला रोबोटिक्सच्या क्लासला घालायचं आहे. सोसायटीत सगळे घालतायत. महागडा संच घ्यावा का?*

तुमचं मूल रोज काहीतरी मोडून पुन्हा जोडतंय का, ते आधी बघा. दिवाळीत किल्ला करताना ते बुरूज कुठे ठेवायचा यावर भांडत असेल तर त्याचं डिझाइन सुरू झालेलं आहे. संच घेताना एक विचारा, ॲप बंद पडलं तर यातलं काय उरेल? साधे ठोकळे, गिअर, आस उरत असतील तर पैसे वाया गेले नाहीत. सगळा खेळ ॲपवरच असेल तर ते भाडं आहे असं समजा. मुलांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल, तर तीही विचारून बघा. नीती आयोगाच्या या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. खोलीला कुलूप आहे की मुलांचे हात तिथे पोचतायत, हे पालकांनी विचारलं पाहिजे. आणि काहीच नसेल तर काडेपेटी आणि सायकलची नळी आहेच. काडीचं गूल मात्र आधी काढून टाका.

*श्रोता: जुना ईव्ही३ घरी पडून आहे. टाकून द्यायचा का?*

अजिबात नको. पायब्रिक्स म्हणून एक मुक्त प्रकल्प आहे. त्यातून या ठोकळ्यांवर पायथॉन चालवता येतं. कंपनीने हात काढला तरी ज्यांना आतला करार माहीत होता त्यांनी तो जिवंत ठेवला. मोटरी आणि सेन्सर चांगले असतील तर तुमच्या मुलीला त्यावर पुष्कळ करता येईल.

*श्रोता: आता एआय कोड लिहितंय. मग ठोकळे बनवणाऱ्या आम्हा लोकांचं काय?*

प्रश्न खरा आहे आणि इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या पोटाचा आहे, म्हणून गोड बोलून सोडवत नाही. ठोकळा बनवणं स्वस्त होणार. अकरा ओळींचे भाग यंत्र चुटकीसरशी देईल, देतंही आहे. त्यामुळे भागांची संख्या भराभर वाढेल. १३,००० प्रकारचे भाग झाल्यावर लेगोचं काय झालं ते आत्ताच बोललो. कोणते भाग ठेवायचे, कुठला जोड गोठवायचा, कुठे ०.१ मिलिमीटर सैल सोडायचं, आणि तो जोड वीस वर्षं सांभाळण्याचा शब्द कोण देणार, हे ठरवणारी माणसं लागतील. तो शब्द यंत्र देत नाही, त्याखाली माणसाला सही करावी लागते. आज तुमच्या टीममध्ये हे काम कोण करतं ते शोधा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. नुसता कोड किती ओळी लिहिला यावर आपली किंमत मोजत असाल, तर ते मोजमाप आत्ताच बदललेलं बरं.

वेळ संपली. बाहेर टेबलावर ठोकळ्यांची पेटी ठेवली आहे. सहा ठोकळे घ्या, काहीतरी जोडा आणि शेजाऱ्याने जोडलेलं बघा. एक्क्याण्णव कोटींत तुमचं आणि त्याचं सारखं निघणं अवघडच आहे.